मुसाफ्यातलं सूप आणि आमची अम्मी

आज सकाळी खिडकी उघडली आणि समोरची मशीद गायब. मशीद गायब, तिच्यामागची बिल्डिंग गायब, खाली लावलेल्या गाड्या तेवढ्या ओल्या काचा घेऊन उभ्या. म्हणजे धुक्याचे दिवस आले. आमच्या अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत वर्षातले कितीतरी महिने खिडकी ही नुसती बघायची वस्तू असते, उघडायची नाही. मग कधीतरी अशी एक सकाळ येते, एसी बंद होतो आणि इतके दिवस त्याच्या घरघरीखाली दबलेले आवाज सुटे होतात. शेजारच्या मल्याळी बाईंचा कुकर. वरच्या मजल्यावरच्या पोरांची धावपळ. खाली कुणीतरी गाडी पुसता पुसता फोनवर भांडतोय. हवेला किंचित खारट वास. चहाचा कप घेऊन मी उभी राहिले आणि मनात म्हटलं, दोन मिनिटं कुणी काही मागू नका रे बाबांनो.

तेवढ्यात फोन वाजलाच. अम्मी, गावाहून. श्रीवर्धनच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे रेंज मिळवायला ती परसातल्या विहिरीपाशी येऊन उभी राहते आणि मग सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलते.

"शब्बो, धुकं पडलं का गं तिकडं?"

"पडलं. तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या झाराने फोटो पाठवला. मग आता काढतेस ना माझा व्हिसा?"

"काढते की. काय काय करून ठेवू सांग. सांदणं करू? इथे आता ताजी सुरमई मस्त मिळते."

"ते बघू गं. त्या बाईचं दुकान चालू आहे ना?"

आता याला काय म्हणावं! लेक इथे, जावई इथे, नात इथे. आईला आठवतं कोण, तर मुसाफ्यात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, सूप विकणारी एक व्हिएतनामी बाई. मी म्हटलं, "आहे चालू. बाराही महिने चालू असतं. तिला काही तुझ्यासाठी धुक्याची वाट बघावी लागत नाही." अम्मी म्हणाली, "चिडतेस कशाला?" आणि फोन ठेवला. चहा गार झाला होता.

चिडू नको तर काय करू? हे ऐकणाऱ्याला वाटेल, केवढं मोठं हॉटेल असेल. मुसाफ्यातल्या शाबियात, म्हणजे तिथल्या राहत्या वस्तीत, टायरच्या दुकानाला खेटून एक लाँड्री आहे, आणि त्या दोघांच्या मधे जी चिंचोळी जागा उरली तिथे हे दुकान. आत सहा-सात टेबलं, लाल प्लॅस्टिकची स्टुलं. पाठ टेकायची सोय नाही. भिंतीवर मेनूचे भलेमोठे फोटो, पण त्यातलं निम्मं विचारलं की "फिनिश" म्हणून सांगतात. मिळतं ते एकच: गरम रश्श्याचा मोठा वाडगा, त्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर मटणा-बीफाच्या कागदासारख्या पातळ चकत्या, बाजूला ताटलीत मोड आलेले मूग, लिंबाची फोड आणि पाल्याची जुडी. याला म्हणतात फो. आमचे हे, म्हणजे रफिक, त्याला पहिल्या दिवसापासून "शेवयांचं पाणी" म्हणतात. आणि एवढ्यासाठी बाहेर रांग! टायरच्या ढिगाशेजारी उभं राहायचं. बुकिंग वगैरे थेर नाहीत. हॉस्पिटलातल्या फिलिपिनो नर्सेस, साइटवरचे इंजिनिअर, पठाण ड्रायव्हर, एखादा पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घातलेला इथलाच तरुण पोरगा, सगळे निमूट उभे. मालकीणबाई दारात येणार, केसांना क्लिप, पायात रबरी चपला, बोटांनी माणसं मोजणार, "सिस्टर, हाऊ मेनी?" आणि जिथे जागा असेल तिथे अनोळखी माणसासमोर नेऊन बसवणार. जेवण संपतंय न संपतंय तोच डोक्यावर येऊन "खलास?" विचारणार आणि वाडगा उचलणार. पार्किंगचं तर नावच काढू नका.

अशा जागी माझी अम्मी जेवली. गेल्या थंडीत. आणि माझ्या घरी जेवेना.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात अब्बा गेले. पहाटे फजरच्या वेळी गेले. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायला निघत होते. मी एका शाळेच्या ॲडमिनमध्ये आहे. हातातली लंच बॅग तशीच घेऊन एअरपोर्ट गाठला. आमच्यात मय्यत थांबवून ठेवत नाहीत. लेक परदेशातून येतेय म्हणून एक वेळ असरपर्यंत, तिसऱ्या प्रहरच्या नमाजपर्यंत, थांबतील, पुढे नाही. मुंबईला उतरले तर धो धो पाऊस, पुढे घाटात दरड. ड्रायव्हर सारखा म्हणत होता, पोहोचवतो मॅडम, पोहोचवतो. मी पोहोचले तेव्हा पुरुष कबरस्तानातून परत येऊन पाय धूत होते. मी इतर लेकी-बाळींसारखी रडलेसुद्धा नाही, मला एवढा राग आला होता. पावसाचा, घाटाचा, विमानाचा, आणि खरं सांगायचं तर अब्बांचासुद्धा. एवढी काय घाई होती?

मी एकुलती. अम्मीला एकटीला कसं ठेवायचं? पण इद्दत होती. विधवेने चार महिने दहा दिवस, इद्दत संपेपर्यंत, घर सोडायचं नाही. ती संपली, आणि मी व्हिसा काढून तिला इकडे आणली. आली ती निम्मी होऊन. एअरपोर्टवर व्हीलचेअरवरून उतरली तेव्हा मनगटातली घड्याळाची पट्टी कोपरापर्यंत सरकत होती. पूर्वी आली की प्रत्येक वस्तूच्या किमतीचे रुपये करायची. "तीन दिरहॅमची कोथिंबीर? म्हणजे सत्तर रुपये? वेडी झालीस का?" या वेळी दुकानात माझ्यामागे नुसती फिरत राहिली. एकदासुद्धा रुपये केले नाहीत.

मग मी कंबर कसली. फ्रीजर भरला. सुट्टी टाकली. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, अगदी पापुद्रा सुटेल अशा. सुरमई तळली. कोळंबीचं कालवण केलं, नारळ हाताने खवून. मिक्सरला लावला की चव जाते असं अब्बा म्हणायचे. गुळाची सांदणं केली. ओल्या काजूंचा मोसम नव्हता, तर सुके भिजत घातले. लहानपणी आमच्या घरात ज्या ज्या वासाने बाजारातल्या दुकानातून अब्बा लवकर घरी यायचे, ते सगळे वास मी इथे तिसऱ्या मजल्यावर आणले. रफिक खूश, दोन किलो वजन वाढवून बसले. अम्मी ताटाशी बसायची. भाकरीचा तुकडा मोडायची. तो कालवणात बुडवायची. आणि मग तो तसाच धरून बसायची. "अम्मी, खा." "खाते." "अम्मी, गार होतंय." "खाते गं." अर्ध्या तासाने ताट होतं तसं. वर म्हणायची, "छान झालंय." ते "छान झालंय" ऐकून तळपायाची आग मस्तकात जायची.

डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, रिपोर्ट्स क्लिअर आहेत, पण वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करून नळीने जेवण द्यावं लागेल. आणि मग विमानात बसवायचं तर फिटनेसचं बघावं लागेल. "शी मस्ट ईट," म्हणाले. जसं काही मी तिला उपाशी ठेवलीय! घरी येताना गाडीत मी सारखी बोलत होते. अम्मी, असं कसं चालेल? अम्मी, तू पण गेलीस तर मी काय करू? ती खिडकीतून बाहेर बघत होती. रस्त्याकडेच्या खजुराच्या झाडांना कुणीतरी पाइपने पाणी घालत होतं. "झाडांना केवढं पाणी घालतात," ती म्हणाली. मी गाडी बाजूला घेऊन रडले असते, पण मागचा हॉर्न मारत होता.

झारा अल ऐनला युनिव्हर्सिटीत आहे, शुक्रवारी संध्याकाळी घरी येते. आमच्या या कन्येशी मी मराठीत बोलते, ती मला इंग्लिशमध्ये उत्तर देते. फक्त नानीशी तिची मोडकी मराठी निघते. त्या शनिवारी मी बाजारात गेले आणि परत येऊन बघते तर घर रिकामं. फोन केला.

"कुठे आहेस? नानी कुठे आहे?"

"रिलॅक्स, मम्मा. वी आर हॅविंग फो."

"काय? नानीला तिकडे नेलंस? त्या स्टुलांवर? तिला चक्कर आली म्हणजे? आणि हलाल आहे का ते तरी विचारलंस?"

"मम्मा, इट्स अबू धाबी. ऑफ कोर्स इट इज. अँड शी इज ईटिंग."

मी गाडी काढली आणि तिथे पोहोचले. रांगेतल्या माणसांना "सॉरी, सॉरी, माय मदर इनसाइड" करत आत घुसले. काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर अम्मी, डोक्यावर पांढरी ओढणी, समोर एक धिप्पाड पठाण ड्रायव्हर, शेजारी झारा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अम्मी दोन्ही हातांनी वाडगा धरून, चमच्याबिमच्याला न जुमानता, तोंडाला लावून रस्सा पीत होती. मग वाडगा खाली ठेवून बोटांनी शेवया गोळा केल्या आणि खाल्ल्या. कपाळाला घाम आला होता, नाक लाल झालं होतं. मी दारातच थांबले. किती महिन्यांनी मी तिचा जबडा चालताना बघत होते! मालकीणबाई आली, डोक्यावर उभी राहिली. "खलास?"

अम्मीने वाडगा वाकवून आत पाहिलं. काही उरलं नव्हतं. "खलास," म्हणाली.

आनंद झाला हो, झाला नाही असं कशाला म्हणू? गाडीत बसल्यावर झाराच्या नकळत डोळे पुसले. पण घरी येऊन गॅसवर झाकून ठेवलेलं कालवण दिसलं आणि जो संताप आला! सकाळपासून नारळ खवून बोटं सोललेली माझी. आणि ही बाई उकडलेल्या हाडांच्या पाण्यावर जेवून आली. त्याला ना वाटण, ना फोडणी, ना रंग.

मग ते रोजचंच झालं. म्हणजे रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा तरी. घरी दोन घास आणि "छान झालंय". तिकडे वाडगा चाटूनपुसून. ऑफिस सुटलं की मी घरी येऊन अम्मीला घ्यायचं, मुसाफ्याच्या ट्रकांच्या गर्दीतून गाडी काढायची, पार्किंगसाठी घिरट्या घालायच्या, रांगेत उभं राहायचं. त्या थंडीचं माझ्या मनात जे काही आहे ते सगळं त्या रांगेतलं आहे. संध्याकाळी रबराच्या वासात मिसळलेला दालचिनीचा वास. लाँड्रीच्या इस्त्रीची वाफ आणि दुकानातली वाफ फुटपाथवर एकमेकींत जायच्या. दिवे लागले की त्यांच्याभोवती धुक्याचं पिवळं वर्तुळ व्हायचं आणि अम्मी शाल गुंडाळून टायरच्या ढिगावर सरळ बसून घ्यायची. "अम्मी, उठ, कपडे काळे होतील." "होऊ देत." रांगेतल्या नर्सेस तिला पुढे जाऊ द्यायच्या, तर ही हात हलवून नको म्हणायची. नंबराने जायचं म्हणायची. आमच्या गावच्या रेशनच्या रांगेत मात्र हीच बाई ओळख काढून पुढे घुसायची, ते मी डोळ्यांनी बघितलंय!

एकदा एवढा पाऊस झाला की रस्त्यांचे ओढे झाले. इथे पाऊस झाला की शाळेला सुट्टी, ऑफिसं घरून, सरकारचे मेसेज. मी म्हटलं, आज काही दुकान नाही. तर अम्मी चपला घालून दारात. मी म्हटलं, "तुला काय व्यसन लागलंय का गं?" रफिक हसत सुटले. म्हणाले, "अम्मी, तुम्ही चला, मी नेतो. हिला बसू दे घरी." आणि खरंच दोघं गेले, गुडघाभर पाण्यातून. मी बाल्कनीत उभी राहून दोघांच्या नावाने बडबडत होते. येताना माझ्यासाठी डब्यात पार्सल आणलं. ते मी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला खाल्लं. बरं होतं. तेही मला आवडलं नाही.

मग मी ठरवलं, घरीच करायचं. त्यात आहे काय एवढं? हाडं, दालचिनी, लवंग, बादियान म्हणजे आपलं चक्रफूल, भाजलेला कांदा, आलं. हे सगळं तर आमच्या मसाल्याच्या डब्यात पडलंय. मुद्दाम ऑफ डे घेऊन दिवसभर रस्सा उकळला. सुपरमार्केटात जाऊन तांदळाच्या शेवया आणल्या, तो पाला आणला. तसाच मोठा पांढरा वाडगा विकत घेतला. अम्मीसमोर ठेवला. तिने वास घेतला, दोन चमचे घेतले. चमचा खाली ठेवला. "छान झालंय," म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. म्हणजे माझ्या हातातच काहीतरी खोट आहे? कुणाला सांगायची सोय नव्हती. झाराला सांगितलं तर म्हणाली, "मेबी इट्स नॉट अबाऊट द फूड, मम्मा." एकोणीस वर्षांची पोर! मी म्हटलं, मग कशाबद्दल आहे ते पण सांग. तर खांदे उडवून हेडफोन लावून बसली. आजकाल घरात प्रत्येक माणूस मला अर्धं वाक्य सांगून निघून जातो.

तेवढ्यात रमजान आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजींनी रोजे ठेवू नयेत. आजींनी पहाटे सेहरीला उठून पहिलाच रोजा ठेवला. "दवाखान्याचं तू बघ, रोज्याचं मी बघते." सुपावर जरा अंग धरलं होतं, तर लगेच ही मिजास! दुपारभर मी इफ्तारीची तयारी केली, खिमा पाटीस, फळं, सरबत. आणि असरची नमाज झाल्यावर जानमाज गुंडाळता गुंडाळता अम्मी म्हणते, "आज रोजा तिकडे सोडू या?"

पहिला रोजा, घरात टेबलभर पाटीस, आणि हिला रोजा सोडायचाय टायरच्या दुकानाशेजारी. मी पाटीस झाकले. गाडी काढली. रफिक मशिदीत जाणार होते, झारा अल ऐनला, म्हणून आम्ही दोघीच.

दुकान गच्च भरलेलं. आणि आम्ही रोजेवाले सगळे एकजात मूर्ख ठरलो. त्याचं असं की आमच्यात अजानच्या आधी दस्तरखान मांडून तयार पाहिजे. फळं कापलेली, सरबत ओतलेलं, सगळे समोर बसलेले. अजान झाली आणि ताटात काही नाही, असं होऊन चालत नाही. म्हणून प्रत्येक टेबलावरून आधीच ऑर्डर गेली, "नाऊ, नाऊ, बिफोर अजान!" आणि बाईने आणून ठेवले वाडगे. वाफाळते. आता बसा बघत! समोरचं मल्याळी कुटुंब बघतंय, पठाण ड्रायव्हर बघतायत, आम्ही बघतोय, आणि आमच्या डोळ्यांदेखत शेवया फुगतायत. रस्सा खाली खाली चाललाय, शेवया वर वर येतायत. शेजारच्या टेबलावरच्या नर्सेस मजेत सुर्र सुर्र करत खातायत. पोटात कावळे, समोर लगदा होत चाललेलं जेवण, घशाला कोरड. माझं डोकंच फिरलं.

"अम्मी, एक सांग मला," मी म्हटलं. "आज सांगच. यात असं काय आहे जे माझ्या हातात नाही?"

"रोज्याचं तोंड आहे, भांडू नको."

"मी भांडत नाही, विचारतेय. दोन महिने मी तुझ्या मागे ताट घेऊन फिरतेय. तुझ्या घरात जे शिजायचं ते सगळं करून घातलं. तुझ्याच हाताखाली शिकले ना मी? मग तुला माझं का जात नाही?"

अम्मी वाडग्याकडे बघत होती. मला वाटलं, आता "छान असतं गं" म्हणणार. म्हणाली असती तर मी उठून गेले असते.

"तू सुरमई तळतेस," ती म्हणाली, "आणि मला वाटतं, आधी त्यांना वाढते. भाकरी फुगली की वाटतं, गरम आहे तोवर त्यांच्या ताटात टाकते. कालवणाचा वास आला की कान दाराकडे जातात, आता चपला वाजतील. मी त्यांच्या आधी कधी जेवलेय का शब्बो? तुझ्या ताटाशी बसले की मी वाट बघत बसते. माझं मलाच कळतं, की येणार नाहीत. पण हात उचलत नाही." तिने ओढणीने नाक पुसलं. "इथे ते कधी आलेच नाहीत. हे असलं त्यांनी जन्मात खाल्लं नाही. इथे मी कुणाची वाट बघत नाही. वाडगा आला की जेवते."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं, हात हातात घ्यावा. मला राग आला. असा आला की आवाज चढला, नर्सेस वळून बघायला लागल्या.

"तुझ्याकडे येतात तरी!" मी म्हटलं. "मी हे सगळं कशासाठी रांधते असं वाटतं तुला? मी मातीला पोहोचले नाही अम्मी. मला तोंड बघायला मिळालं नाही. तू आंघोळ घातलेली पाहिलीस, कफन पाहिलंस. मी काय पाहिलं? ओले पाय! मला अजून वाटतं ते गावच्या दुकानातच बसलेत. मी म्हणते, निदान या वासाने तरी येतील. नारळ हाताने खवते, त्यांना हवी तशी भाकरी थापते, टेबलाशी बसते आणि बघते. माझ्याकडे एकदासुद्धा येत नाहीत!"

बाहेर अजान झाली. सगळ्या दुकानात एकदम हालचाल, खजुरांचे डबे उघडले, पाण्याच्या बाटल्या फिरल्या. अम्मीने खजूर माझ्या हातात ठेवला. स्वतःचा तोंडात टाकला, पाणी प्यायली. मग आम्ही ते फुगलेलं प्रकरण खाल्लं. दुकानात सगळ्यांचंच तसंच झालं होतं. बाई येऊन "खलास?" म्हणाली तेव्हा अम्मीच्या वाडग्यात अर्ध्याहून जास्त उरलं होतं.

गाडीत बसल्यावर अम्मी म्हणाली, "उद्या घरीच रोजा सोडू. कर तुला करायचं ते. मी जेवते."

"माझ्यावर उपकार नकोत."

"गाडी चालव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सगळं केलं. कोळंबीचं कालवण, तळलेली सुरमई, भाकऱ्या. रफिक खजूर तोंडात टाकून मशिदीत गेले आणि टेबलाशी आम्ही दोघीच उरलो. खिडकी उघडी होती, बाहेर लाउडस्पीकरवर नमाज चालू होती. अम्मीने भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि तो तुकडा हातात धरून थांबली. तिने डोळे मिटले, घास तोंडात घातला, चावला. आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"मीठ नाही यात."

"रोज्यात चाखणार कसं मी?"

"हेच!" अम्मीने टेबलावर हात आपटला. "हेच मी त्या माणसाला आयुष्यभर सांगत आले! रोज्यात चाखता येत नाही, अंदाजाने घालावं लागतं. पण ऐकेल तर शपथ. पहिला घास, की ताट पुढे सरकवलंच. मीठ कमी. मीठ जास्त. अरे, मी पण सकाळपासून उपाशी आहे! एकदा म्हणाले, माझ्या बहिणीला बरोबर जमतं. म्हटलं, जा मग बहिणीकडे."

"गेले?"

"गेले! आणि तिकडे जास्त होतं, म्हणून परत आले. मला पुन्हा चूल पेटवावी लागली."

"माझ्या शाळेच्या डब्यालासुद्धा नावं ठेवायचे," मी म्हटलं. "डबा माझा, खाणार मी, आणि झाकण उघडून बघायचे हे."

"सवयच घाणेरडी. भाकरीला तर काय काय बोलायचे! जाड झाली, पातळ झाली, काठ कच्चे राहिले. इकडे दे गं ते मीठ." तिने चिमूटभर मीठ कालवणात टाकलं, बोटाने ढवळलं आणि दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायची तिला फुरसत नव्हती; एकेक गुन्हा काढत होती आणि जेवत होती. मी सुरमईचा तुकडा तिच्या ताटात टाकला, तोही गेला. माझंही रडणं त्याच दिवशी फुटलं, अब्बा गेले तेव्हा फुटलं नव्हतं ते. तोंडात भाकरी, डोळ्यांत पाणी, आणि आम्ही दोघी मिळून त्या माणसाला शिव्या घालत होतो. कालवणाचं भांडं रिकामं झालं.

अब्बा आले होते. नेहमीसारखे, जेवणाला नावं ठेवत.